भुलीचं इंजेक्शन आणि न हटणारं डिप्रेशन : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ऑपरेशनच्या वेळच्या भुलीबद्दल लिहिलं होतं, त्यात ओघात दोन ओळी आल्या होत्या की केटामाइन नावाचं आमचं जुनं भुलीचं औषध आता डिप्रेशनसाठी पण वापरतात. दोनच ओळी. पण पत्रं आणि मेल आले ते जवळजवळ सगळे त्या दोन ओळींवरच, आणि बहुतेक ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ इथूनच आलेत. मी भूलतज्ज्ञ आहे, सायकियाट्रिस्ट नाही. ठाण्यात पंचवीस वर्षं भूल देतेय आणि गेली काही वर्षं एका सायकियाट्रिस्ट सहकाऱ्यासोबत केटामाइनचं इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सलाइनसारखं हळूहळू औषध, द्यायचं काम करते, त्यामुळे जे डोळ्यासमोर बघते आणि जे वाचलंय त्यावरून उत्तरं देते. तुमच्यासाठी काय योग्य ते तुम्हाला तपासलेले डॉक्टरच ठरवतील. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम. माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत, टीटीसी एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर होते. चार वर्षांपासून डिप्रेशन आहे. तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, त्यातली एक तर आठ महिने पूर्ण डोसमध्ये घेतली, काउन्सेलिंग पण झालं. आता वर्षभर घरीच आहेत, आंघोळीला सुद्धा चार वेळा सांगावं लागतं. डॉक्टरांनी केटामाइन सुचवलंय. माझा दीर म्हणतो ते पार्टीत घेतात ते ड्रग आहे, घोड्यांना बेशुद्ध करायचं इंजेक्शन आहे, माणसाला कसं देतील? ते ऐकून सासूबाई रडायलाच लागल्या. मला काही सुचत नाहीये, खरं काय ते सांगा. – कोपरखैरणे

उत्तर : ताई, दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. जनावरांचे डॉक्टर केटामाइन वापरतात, पार्ट्यांमध्ये त्याचा गैरवापर होतो, दोन्ही खरं. पण तेच औषध ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना रोज दिलं जातं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि तुमच्या ओळखीत कोणाच्या लहान मुलाचं हाड बसवलं असेल किंवा भाजल्याचं ड्रेसिंग झालं असेल तर त्याला हेच दिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. सासूबाईंना एवढं सांगितलंत तरी त्यांचा जीव थोडा खाली पडेल.

१९६२ मध्ये अमेरिकेत कॅल्व्हिन स्टीव्हन्स नावाच्या रसायनतज्ज्ञाने हे बनवलं. त्याआधी पीसीपी नावाचं औषध होतं, भूल छान यायची पण शुद्धीवर येताना पेशंट तासन्‌तास बडबडायचे, बिथरायचे, म्हणून त्याच जातीचं पण लवकर उतरणारं काहीतरी शोधत होते. १९६४ मध्ये पहिल्यांदा माणसाला दिलं, १९७० मध्ये तिथे मंजुरी मिळाली, आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांना भरपूर वापरलं गेलं, कारण या औषधात श्वास सहसा चालू राहतो, बीपी पडत नाही, आणि जिथे मोठी मशिनरी नाही तिथेही काम भागतं.

मी रेसिडेंट असतानाची एक गोष्ट सांगते. बर्न्स वॉर्डात सात-आठ वर्षांची मुलगी होती, चहाचं उकळतं पातेलं अंगावर आलेलं. केटामाइन दिलं, ड्रेसिंग चालू केलं, आणि दाराच्या फटीतून तिच्या आईला दिसलं की मुलीचे डोळे उघडे आहेत. ती किंचाळलीच, अहो ती जागी आहे, तिला दुखतंय. तिला दुखत नव्हतं. डोळे उघडे, श्वास व्यवस्थित, पण दुखणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं, शरीर आणि जाणीव यांच्यामधली तार तेवढ्यापुरती सुटलेली. डिसोसिएटिव्ह भूल म्हणतात ती हीच. बाहेर येऊन मी त्या आईचा हात धरून बसले होते, तिला समजावताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं की आपण काय देतोय.

डिप्रेशनकडे हे वळलं ते बरंच नंतर. २००० साली येल विद्यापीठात अगदी मोजक्या पेशंटवर एक छोटा अभ्यास झाला, मग २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराते यांच्या टीमने १८ पेशंट घेतले, सगळे असे की ज्यांच्यावर आधीची औषधं चालली नव्हती, आणि एका दिवसात ७१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त कमी झाली. एका दिवसात! नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात हे तुम्ही स्वतः बघितलंय. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक सांगायला विसरतात, की आठवडाभर तो फायदा टिकला तो साधारण एक तृतीयांश लोकांचाच. म्हणूनच आता एक डोस देऊन थांबत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत मिळून साधारण सहा देतात आणि मग पुढचं ठरवतात.

हे काम कसं करतं? नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर चालतात, केटामाइनचा रस्ता वेगळा आहे. मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं, ते जिथे जाऊन बसतं त्यातल्या एनएमडीए नावाच्या जागा केटामाइन अडवतं. २०१० मध्ये उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की एका डोसनंतर मेंदूच्या पुढच्या भागात पेशींना जोडणारे नवे सांधे फुटायला लागतात, जे सततच्या ताणाने सुकत गेलेले असतात. औषध शरीरातून काही तासांत निघून जातं पण मनावरचा परिणाम काही दिवस राहतो, तो यामुळे असावा असं मानतात. माणसात अगदी हेच आणि एवढंच घडतं का यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. उपाशीपोटी बोलावतात, बीपी, नाडी, ऑक्सिजन बघायचं मशीन लावतात, आणि हाताच्या शिरेतून ४० मिनिटं सलाइनमधून हळूहळू औषध जातं. डोस किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ऑपरेशनला आम्ही एकदम एक ते दोन मिलिग्रॅम देतो त्याच्या कितीतरी कमी, त्यामुळे मिस्टर पूर्ण बेशुद्ध होणार नाहीत. अंग हलकं वाटेल, आवाज लांबून आल्यासारखे वाटतील, वेळ ताणल्यासारखा वाटेल. माझ्याकडे आलेले एक आजोबा म्हणाले, मी माझ्याच पलंगाशेजारी उभा राहून स्वतःला बघत होतो आणि त्या माणसाची मला पहिल्यांदा दया आली. काहींना भीती वाटते, काहींना मळमळतं, बीपी थोडा वेळ वाढतं. तास-दीड तासात हे सगळं उतरतं. त्या दिवशी गाडी-बाईक अजिबात नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही, घरी न्यायला माणूस हवाच, तुम्हीच थांबा किंवा दिरांना पाठवा, त्यांनाही कळेल नेमकं काय असतं.

जायच्या आधी डॉक्टरांना या गोष्टी आपणहून सांगा : बीपी कंट्रोलमध्ये आहे का, हार्टचा काही त्रास झालाय का, कधी भास व्हायचे किंवा संशयाचा आजार होता का, दारू किंवा कुठलं व्यसन आहे का, होतं का. व्यसनाचं लपवू नका, इथे ते लपवणं महागात पडतं. आणि सेंटरला विचारा की इन्फ्युजन चालू असताना खोलीत कोण असणार, इमर्जन्सी आली तर ऑक्सिजन आणि श्वास द्यायची सोय आहे का, सायकियाट्रिस्ट पुढे फॉलोअप करणार का. यातल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

अजून एक अभ्यास सांगते, भूलतज्ज्ञ म्हणून मला तो फार विचार करायला लावतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी डिप्रेशन असलेले ४० पेशंट घेतले ज्यांचं कुठलंतरी ऑपरेशन होणारच होतं, आणि पूर्ण भूल चढल्यावर निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना नुसतं सलाइन दिलं, म्हणजे आपल्याला काय मिळालं हे कोणालाच कळायची सोय नव्हती. दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि जवळजवळ सारखीच. याचा अर्थ केटामाइन खोटं आहे असा मी काढत नाही. पण आशा वाटणं, चार माणसांनी आपली दखल घेणं, आपल्यासाठी काहीतरी केलं जातंय हे जाणवणं, याचा वाटा फार मोठा आहे हे त्यातून दिसतं, आणि तो वाटा ताई तुमच्या हातात आहे. तीन औषधं नीट पूर्ण घेऊन झालीत, चार वर्षं गेलीत, डॉक्टर स्वतः सुचवतायत. बाकी तपासण्या ठीक असतील तर माझ्या घरातल्या माणसासाठी मी हो म्हटलं असतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही हे मात्र आधीच मनात ठेवून जा, आणि मिस्टरांनाही आधीच सांगा, नाहीतर नाही चाललं तर ते स्वतःलाच दोष देतील.

प्रश्न : हाय मॅडम, मी २६ वर्षांचा आहे, घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. डिप्रेशनसाठी दोन औषधं झाली, दोन्ही तीन-तीन आठवडे घेतली, काहीच फरक नाही म्हणून बंद केली. मी वाचलं की केटामाइन काही तासांत काम करतं, मग लोक महिनोन्‌महिने गोळ्या का खातात? मला डायरेक्ट ते घ्यायचंय. एक मित्र म्हणतो तो पावडर आणून देऊ शकतो, कमी डोसमध्ये घरीच घेतली तर चालेल का? तसा मी एकदम डाउन असतो असं पण नाही, कॉलेजला असताना एक महिना असा गेला होता की दोन-तीन तास झोपून पण फुल एनर्जी असायची, क्रेडिट कार्डवर लाखभर उडवले होते, तेव्हाचा मीच मला परत हवाय. – घोडबंदर रोड

उत्तर : तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते. आधी पावडरचं. नाही. अजिबात नाही, कमी नाही जास्त नाही, आणि त्या मित्राला पण हे दाखव. बाहेरच्या पावडरीत काय किती आहे ते देणाऱ्यालाच माहीत नसतं, आणि घरी तुझा श्वास, बीपी बघायला कोणी नसतं. अमेरिकन नट मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले ते आठवतंय ना, मृत्यूचं मुख्य कारण केटामाइनच होतं. ते डिप्रेशनसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केटामाइन घ्यायचे, पण ज्या दिवशी गेले त्या दिवशीचं औषध ते नव्हतं, ते घरी, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतलेलं होतं, आणि नंतर ते पाण्यात एकटेच होते. वारंवार घेणाऱ्यांचं मूत्राशय खराब होतं हे आम्ही बघतो, दर दहा-पंधरा मिनिटांनी लघवी, जळजळ, रक्त, आणि काहींचं ते परत पूर्वीसारखं होत नाही. पंचविशीतल्या पोरांचं हे बघवत नाही रे. शिवाय भारतात २०११ पासून केटामाइन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं आणि २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे केमिस्टला सुद्धा डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते. मित्राच्या पुडीसोबत तू सापडलास तर ती केस वेगळीच चालेल.

आता तुझं डिप्रेशन चिवट आहे का? तू लिहिलंयस त्यावरून तरी नाही म्हणता येत. चिवट म्हणायला किमान दोन औषधं, योग्य डोसमध्ये, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही फरक पडला नाही असं असावं लागतं. तू दोन्ही अर्ध्यावर सोडलीस, भात शिजायच्या आधीच गॅस बंद केल्यासारखं. अमेरिकेत सुमारे ४००० पेशंटचा एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये त्याचे आकडे आले, त्यात पहिल्याच औषधाने साधारण एक तृतीयांश लोक बरे झाले होते आणि पुढच्या औषधांनी आणखी काही, नंतर त्या आकड्यांवर बरीच टीका झाली, पण औषध बदलून, डोस वाढवून पुढे जाणारे अनेकजण बरे होतात हे आम्ही रोजच बघतो. थायरॉइड, बी-१२ तपासलंयस का? शिफ्टमुळे झोपेची वाट लागलीये का? वीकेंडला दारू किती होते?

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुझी शेवटची ओळ, जी तू सहज लिहून टाकलीस. दोन-तीन तास झोप, भरपूर एनर्जी, लाखभर रुपये उडवणं, महिनाभर. हे सायकियाट्रिस्टला सांगितलंस का? कारण हा बायपोलर आजार, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी असा बेफाम उत्साह, असू शकतो, आणि तसं असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या चालत नाहीत, कधी कधी उलट बिघडतं, उपचारच वेगळे असतात. मी पत्रावरून निदान करत नाहीये. पण हा परिच्छेद जसाच्या तसा मोबाइलमध्ये ठेव आणि या आठवड्यात डॉक्टरांना वाचून दाखव. बरं वाटायची तुला घाई आहे, ती मला कळते, ती असायलाच हवी.

प्रश्न : महोदया, मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, नौपाड्यात राहतो. सौ. ६७ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून तिने हळूहळू जेवण सोडलं, आता दिवसाला चार चमचे पेज जेमतेम जाते. म्हणते अन्नात किडे आहेत, माझ्या पापामुळे हे घर बुडणार आहे. रात्रभर येरझाऱ्या घालते. तिला बीपी आहे. डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सांगितली. मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो शॉक अजिबात द्यायचा नाही, इकडे केटामाइनचा नाकातला स्प्रे निघालाय, तोच द्या. परळहून तिचे भाऊ आले होते, ते म्हणाले हिला आता ठाण्याला पाठवणार का. आम्ही ठाण्यातच राहतो, तरी तो शब्द फार लागला. काय करावं? – नौपाडा

उत्तर : सर, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून मी तुम्हाला त्याच दिवशी मेल केला होता आणि वहिनी आता ॲडमिट आहेत हे वाचून बरं वाटलं. इतर वाचकांसाठी लिहिते.

त्या ‘ठाण्याला पाठवा’बद्दल आधी बोलते, कारण मी इथेच वाढले आणि लहानपणापासून हे ऐकत आले. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षं तिथे लोकांवर उपचार झाले आणि आपण मुंबईकरांनी त्या गावाच्या नावाचीच शिवी केली. या एका वाक्यामुळे किती घरांनी आपली माणसं वेळेवर डॉक्टरकडे नेली नाहीत याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. भाऊंना राग न करता सांगा की बहिणीला आजार झालाय, आणि तो बरा होणाऱ्यातला आहे.

आता शॉक की स्प्रे. तुमच्या मुलाची माहिती चुकीची नाहीये. एस्केटामाइन म्हणजे केटामाइनचाच एक भाग, त्याच्या नाकातल्या स्प्रेला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये चिवट डिप्रेशनसाठी मंजुरी मिळाली, सोबत रोजची गोळी चालू ठेवून. २०२५ पासून तिथे गोळीशिवाय एकटाही देता येतो. तो घरी न्यायला देत नाहीत, सेंटरमध्येच घ्यायचा आणि किमान दोन तास तिथेच बसायचं, पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा. तो बीपी वाढवतो आणि वहिनींना आधीच बीपी आहे, हे एक झालं. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. अन्नात किडे दिसणं, आपल्या पापाने घर बुडेल अशी पक्की खात्री असणं, याला सायकोटिक डिप्रेशन म्हणतात, आणि केटामाइनच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांत असे पेशंट घेतलेच नव्हते. उलट शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, नेमकी इथेच सगळ्यात चांगली चालते, आणि उतारवयात, जेवण बंद झालेल्या माणसात ती जीव वाचवते.

२०२३ मध्ये अमेरिकेत एक मोठी तुलना झाली, सायकोसिस नसलेल्या पेशंटमध्ये, त्यात केटामाइनने ५५ टक्के आणि ईसीटीने ४१ टक्के लोकांना गुण आला. मुलगा बहुधा तेच वाचून बोलत असेल. पण त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनमध्ये हॉस्पिटलात दाखल असलेल्या, जास्त आजारी पेशंटवर अभ्यास झाला, तिथे ईसीटीने ६३ टक्के बरे झाले आणि केटामाइनने ४६ टक्के. म्हणजे प्रश्न कुठलं भारी हा नाहीच, कोणाला काय हा आहे. मुलाला दोन्ही आकडे पाठवा.

शॉक शब्दाने जे चित्र डोळ्यापुढे येतं ते जुन्या सिनेमातलं आहे. आता भूल देऊनच ईसीटी होते, स्नायू सैल करायचं औषध देऊनच, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याशिवाय ईसीटी द्यायला बंदीच आहे. भूल देणारी मी तिथे उशाशी असते सर. पेशंट झोपतो, काही सेकंदांचं काम असतं, बोटं नाहीतर पाय थोडे हलतात, दहा-पंधरा मिनिटांत जाग येते, पाणी मागतात. त्या दिवसांतलं काही आठवत नाही असं होतं, काहींचं मागचंही थोडं पुसट होतं, हे मी लपवणार नाही, बहुतेकांचं हळूहळू परत येतं पण त्या काळातल्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन डॉक्टरांशी एकदा बोलणं करून द्या. लांब असलेल्या माणसाला भीती जास्त वाटते, त्यात त्याचा दोष नाही.

प्रश्न : केटामाइनचा खर्च मेडिक्लेममध्ये मिळतो का? – सीवूड्स

उत्तर : कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं, २०१७ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण डिप्रेशनसाठी शिरेतून केटामाइन देणं हे ऑफ-लेबल धरलं जातं, म्हणजे औषध मंजूर आहे ते भुलीसाठी, या आजारासाठी डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, आणि क्लेम तिथेच अडकतो, शिवाय पेशंट रात्रभर ॲडमिट नसतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून, कुठली औषधं किती दिवस घेऊन झाली याचं पत्र घ्या, ते विमा कंपनीला मेल करा आणि उत्तर लेखी मागवा. फोनवरच्या ‘हो मॅडम होईल’वर जाऊ नका. औषधाची बाटली स्वतः स्वस्त असते, पैसे लागतात ते माणसांचे आणि मॉनिटरिंगचे, त्यामुळे कोणी पॅकेज फारच स्वस्त देत असेल तर यातलं नेमकं काय कापलंय ते विचारा.

प्रश्न : मॅडम मी ३४ वर्षांची, ऐरोलीला राहते, सात वर्षांची मुलगी आहे. सहा वर्षं डिप्रेशन. मागच्या वर्षी मी एका सेंटरला केटामाइनची सहा इन्फ्युजन घेतली. दुसऱ्या इन्फ्युजननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि कुकरची शिट्टी ऐकून मला भूक लागली, खरंच भूक लागली, सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या आठवड्यात मी मुलीला खाली सोसायटीत सायकल शिकवली. सहावं झाल्यावर सेंटरवाले म्हणाले कोर्स संपला. मला इतकं बरं वाटत होतं की मी गोळ्या पण बंद केल्या. पाच आठवड्यांत सगळं परत आलं, आता तर आधीपेक्षा वाईट वाटतं कारण बरं म्हणजे काय ते माहीत झालंय. मला फसवल्यासारखं वाटतं. ते खोटं होतं का? कधी कधी वाटतं नकोच हे सगळं. नवऱ्याला यातलं काही बोलले नाहीये. – ऐरोली

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करते. ‘नकोच हे सगळं’ हे आज रात्रीच नवऱ्याला सांगा. शब्द सुचत नसतील तर हे पान त्यांच्या हातात द्या. विचार वाढला, कसं करायचं ते मनात यायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या जास्तीच्या गोळ्या नवऱ्याकडे ठेवायला द्या. मला माहितीये हे वाचताना तुम्हाला वाटेल की एवढं काही नाहीये. तरी करा.

ते खोटं नव्हतं हो. ती भूक तुमचीच होती. सायकलच्या मागे धावणारे पाय तुमचेच होते, औषधाने ते बाहेरून आणून दिले नाहीत. मी इन्फ्युजन देते तेव्हा मॉनिटरवर मला फक्त नाडी, बीपी आणि ऑक्सिजन दिसतं, कुकरची शिट्टी दिसत नाही, ती पेशंटने पुढच्या वेळी येऊन सांगावी लागते, आणि अशी एखादी गोष्ट ऐकली की तो सगळा दिवस माझा चांगला जातो.

पण फसवल्यासारखं वाटतंय त्यातही तथ्य आहे. ‘कोर्स संपला’ हे वाक्य या उपचारात कोणी उच्चारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. केटामाइनचा परिणाम ओसरतो, हा त्याचा स्वभावच आहे, हे पहिल्या दिवशी तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं आणि सहाव्यानंतर काय ते आधीच कागदावर असायला हवं होतं. गोळ्या बंद करू नका हेही. एस्केटामाइन स्प्रेचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला, बरे झालेल्या पेशंटपैकी काहींचा स्प्रे चालू ठेवला आणि काहींना बदलून खोटा स्प्रे दिला, गोळी दोन्हीकडे चालूच होती. ज्यांचा चालू ठेवला त्यांच्यात २७ टक्के लोकांचा आजार परतला, ज्यांचा थांबवला त्यांच्यात ४५ टक्के. म्हणजे गोळी चालू असूनही थांबवल्यावर इतक्या लोकांचं परत आलं, आणि तुमचं तर एका वेळी दोन्ही थांबलं. आजार परतला तो यामुळे असण्याची शक्यता खूप आहे. तुम्ही कमी पडलात असं यात कुठेच नाही.

पुढे काय. तुमच्या शरीराने एकदा उत्तर दिलंय ही डॉक्टरांसाठी फार मोलाची माहिती आहे, जुनी फाईल सेंटरकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि नीट फॉलोअप करणाऱ्या सायकियाट्रिस्टकडे न्या. गोळ्या परत कशा चालू करायच्या ते त्यांनाच ठरवू द्या, जुन्या डोसवर स्वतःच उडी मारू नका. परत इन्फ्युजन द्यायचं ठरलं तर दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. एक, नंतर किती अंतराने द्यायचं, कधी कमी करायचं, आणि लघवीचा त्रास, बीपी, औषधाची ओढ लागतेय का हे कोण बघणार. दुसरी, पहिल्या डोसनंतरच्या आठवड्यातच काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. जेव्हा मन थोडं हलकं असतं, उठून बसता येतं, बोलता येतं, तेव्हाच्या दिवसांत झोपेची वेळ, सकाळचं चालणं, कोणाशी बोलायचं, काय टाळायचं हे बसवून घ्यायचं असतं, आजार भरात असताना ते कोणालाच जमत नाही आणि मग माणूस स्वतःला आळशी समजत बसतो. आणि नाहीच उपयोग झाला केटामाइनचा, तर लिथियमसारखी जोड औषधं आहेत, डोक्यावर चुंबक धरून करतात ते आरटीएमएस आहे, ईसीटी आहे. सहा वर्षांच्या आजारात तुमचे सगळे रस्ते वापरून झालेले नाहीत, पत्रावरून तरी अजिबात नाहीत.

मुलीची सायकल धूळ खात असेल तर नवऱ्याला सांगून तेवढी चाकांत हवा भरून ठेवा. आणि नवऱ्याशी बोलणं झालं की मला दोन ओळी पाठवा, छापायला नकोत, नुसतं झालं एवढंच लिहा, मी वाट बघतेय.